राणू डाव्या पायावर उभी राहते

हाताने पहिल्यांदा माझं ऐकलं नाही, तो मंगळवार होता. मला कागदावर राणूला दोन्ही पाय रोवून उभं करायचं होतं, आखाड्यात पैलवान उभा राहतो तशी. हाताने तिचा उजवा गुडघा सैल सोडला, कंबर जराशी डावीकडे ढकलली आणि सगळं वजन डाव्या पायावर टाकलं. मी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्याला मी हाताला शिव्या घातल्या, तरी तेच.

हात माझाच, म्हणजे माझ्या नावावरचा. माझा मूळचा उजवा हात दीड वर्षापूर्वी घाटातल्या अपघातात कोपराखाली गेला. त्या जागी मिरजेच्या एका दवाखान्यात हा करड्या रंगाचा बसवला. त्याला नखंसुद्धा आहेत, कशाला ते बसवणाऱ्यांनाच ठाऊक.

राणू कोण, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. 'चित्रकट्टा' मासिकात आमची कॉमिक्स येतात, त्यातली ती कुस्तीगीर पोरगी. तिचा उजवा हात आणि उजवा डोळा यंत्राचे, बाकी सगळी हाडामांसाची. अशा अर्ध्या माणसाला, अर्ध्या यंत्राला सायबोर्ग म्हणतात. तेरा-चौदा वर्षं तिला यंत्राचा हात काढून देणाऱ्या बाईवर शेवटी स्वतःच तो लावून घ्यायची वेळ आली, म्हणून लोक हसतात. मीही हसते, पण माझी मी. लोक हसले की मला राग येतो.

त्या मंगळवारच्या आधी आठ दिवस ऋतुजा पाटणे घरी आली होती. ती 'चित्रकट्टा'ची संपादक. वडिलांनी मासिक काढलं, तिने ते बुडू दिलं नाही.

"काकी, दिवाळी अंकासाठी वाचकांची मतं घेतली," ती म्हणाली. "कुणाकुणाची जोडी जमवायची, असं विचारलं होतं. लोकांनी काय काय कळवलंय बघा."

तिने यादी वाचून दाखवली. 'चित्रकट्टा'त यंत्रांचा तुटवडा नाही. एकाने मास्तर १०१ हा शाळा शिकवणारा रोबो आणि आमची राणू यांना एकत्र आणायला सांगितलं होतं. मास्तर पाढे विचारणार आणि राणू वर्गाची दारं उपटणार. गारगोटीच्या एका बाईंना ढोलकी वाजवणारा रोबो हवा होता आणि त्याच्या जोडीला यंत्राच्या पायाचा कुत्रा मोतीराम. दोघांनी मिळून चोर पकडायचे. कुणाला मोतीराम आणि मास्तर हवे होते, आणि मोतीराम वर्गात पहिला यायला हवा होता. हे वाचताना मी पोटभर हसले. मग ऋतुजा यादीच्या अगदी वरच्या ओळीवर आली.

"साडेचार हजार मतं. राणू आणि यंत्रोजी."

माझं हसू गेलं. यंत्रोजी म्हणजे उद्यमनगरच्या फाउंड्रीत भंगारातून ओतलेला रोबो. वजन पाचशे किलो, राग शून्य. तो उदय चौगुलेचा; पूर्वी आम्ही दोघं मिळून पानं काढायचो. आणि उदय चौगुलेशी मी चौदा वर्षं बोललेली नव्हते.

"त्याच्याशी बोलावं लागणार असंल तर मी करत न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई लागणार. यंत्रोजीचे हक्क मासिकाकडं हायेत. तुम्ही दोघांनाही काढा." तिने यादीची घडी घातली. "पण काकी, दिवाळीपर्यंत पानं आली न्हाईत, तर राणू चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामकडं द्यावी लागंल. दीड वर्षं जुनी पानं छापालोय आम्ही. बाकीची पात्रं बहुतेक तिकडंच गेलीत."

म्हणजे मला राणू हातची घालवायची नसेल, तर हाच हात चालवायला हवा होता. मी हो म्हणाले. आणि तो हात राणूला एका पायावर उभी करत बसला होता.

बुधवारी सकाळी मी मिरज गाठली. तिथे निखत मुल्ला नावाची मुलगी माझ्या हाताचं सगळं बघते. वय असेल अठ्ठावीस. बोलते कमी, पण बोलते ते कळेल असं बोलते. हात बसवला तेव्हा तिनेच मला तो समजावला होता. हात गेला तरी मेंदू त्याला हुकूम सोडायचं थांबत नाही. तुटलेल्या मज्जातंतूंची टोकं सर्जनने स्नायूच्या छोट्या तुकड्यांत गुंडाळून ठेवली आहेत. हुकूम आला की ते तुकडे आकसतात आणि बारीक तारा ते टिपून हाताला कळवतात. पण हे ऐकू येणं म्हणजे वाऱ्यात फोनवर बोलल्यासारखं, अर्धं कळतं, अर्धं उशिरा कळतं. भाकरी मोडायला तेवढं पुरतं. कुंचल्याला पुरत नाही, कारण सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी रेघ मरते. म्हणून हातात एक अंदाज बांधणारं यंत्र आहे. मोबाइल जसा पुढचा शब्द सुचवतो, तसं ते माझी पुढची रेघ सुचवतं. माझ्या जुन्या अडीच हजार पानांवर ते शिकलं. शाई कुठे जाड, कुठे बारीक, यावरून कुंचला कुठे दाबला आणि कुठे उचलला, हे ते ओळखतं. माझ्या रेघेत चाळीस टक्के मी असते, साठ टक्के तो अंदाज.

ती अडीच हजार पानं मीच दिली होती, कपाटातले गठ्ठे जसेच्या तसे.

निखतने हात टेबलावर ठेवायला सांगितला, तारा जोडल्या आणि पडद्यावरची पानं तपासली.

"काकी, ह्यात दोन माणसं हायेत," ती म्हणाली.

"कशात?"

"तुमच्या पानांत. मी यंत्राला नावं सांगितली न्हवती. त्यानं आपणहून दोन ढीग केलेत. एका ढिगातली माणसं दोन्ही पायांवर उभी राहत्यात. दुसऱ्यातली सगळी डाव्या."

मला लगेच कळलं. उदय लहानपणी ट्रकच्या हौद्यातून पडला होता, उजव्या गुडघ्यावर. तेव्हापासून तो डाव्या पायावर भार देऊन उभा राहतो, बसस्टॉपवर, लग्नात, कुठेही. त्याची चित्रातली माणसंही तशीच उभी राहत होती आणि सोळा वर्षं त्यांच्यावर शाई चढवूनही मला ते दिसलं नव्हतं.

आमची कामाची रीत अशी होती. उदय पेन्सिलने पान काढायचा. जिथे गच्च काळं भरायचं तिथे बारीक फुली मारायचा. मी त्यावर कुंचल्याने शाई करायची, ती वाळली की रबर घेऊन सगळी पेन्सिल खोडून टाकायची. छापखान्यात जायची ती फक्त शाई. पेन्सिल जाते, शाई राहते, म्हणून पान शाईवालीचं, असं मी तेव्हा उघड म्हणायची. गठ्ठे देताना आमची एकत्र पानं वेगळी काढावीत हे माझ्या डोक्यातही आलं नाही, ते या मग्रुरीमुळेच.

"राणूची पहिली बारा पानं कुठल्या ढिगात हायेत?" मी विचारलं.

आमचं भांडण त्या बारा पानांवरून झालं होतं. माझं म्हणणं, उदय काविळीने दोन महिने अंथरुणावर होता तेव्हा ती मी एकटीने काढली, म्हणून राणू माझी. त्याचं म्हणणं, आजारी पडायच्या आधीच त्याने पेन्सिल करून ठेवली होती. राणूला बक्षीस मिळालं, ते माझ्या एकटीच्या नावावर. ऋतुजाच्या वडिलांसमोर आम्ही तासभर एकमेकांना नाही नाही ते बोललो. शेवटी तो यंत्रोजी घेऊन गेला, मी राणू घेऊन आले.

निखतने बोटाने पानं मोजली. "बाराच्या बारा दुसऱ्या ढिगात."

"यंत्र चुकत असंल."

"चुकतंय की. शंभरात चार वेळा. पण बाराच्या बारा न्हाई चुकत."

त्या खुर्चीत मला एक गोष्ट आठवली. मी एकटी काढते तेव्हा थेट कुंचल्याने काढते, खोडायला काही नसतंच. रबर फिरवून फिरवून तळहाताची कड काळी व्हायची ती फक्त उदयच्या पानांवर. राणूच्या त्या बारा पानांच्या वेळी ती काळी झाली होती. मी मोरीत साबणाने ती घासत होते, आणि उदय दवाखान्यात आहे, डबा द्यायला जायचंय, असा विचार करत होते. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. चौदा वर्षं मी तिकडे वळून पाहिलं नव्हतं, एवढंच. मला स्वतःची लाज वाटली.

"दुसरा माणूस काढून टाकता येतोय काय?" मी विचारलं.

"येतोय. बघायचंय?"

तिने काहीतरी बंद केलं. मी कागद घेतला आणि राणू काढली. रेघ थरथरली, कारण अंदाजाला शिकायला पानं निम्मीच उरली होती. पण ते सोसलं असतं. राणू दोन्ही पायांवर सरळ, छाती पुढे काढून उभी राहिली, पोलीस भरतीला आल्यासारखी. ती राणू नव्हतीच. अपघाताआधीही माझी एकटीची राणू अशीच उभी राहायची, आणि पूर्वीची मजा आता राहिली नाही, असं वाचक कळवायचे. त्यांना काय कळतंय, असं मी म्हणायची.

निखतने दुसरा माणूस परत चालू केला.

"ठेवायचा असंल तर ठेवा," ती म्हणाली. "पण काकी, आता कायदा हाय. दुसऱ्याची कला अंगावरच्या यंत्रात ठेवायची तर त्या माणसाची सही लागत्या. मला कळलंय म्हटल्यावर मला नोंद करावीच लागणार. तीस दिवसांत सही आली न्हाई, तर काढून टाकायचं."

तिने फॉर्म छापून दिला. मी तो घरी नेला आणि चार दिवस डब्यांच्या फळीवर ठेवला.

त्या चार दिवसांत मी बिनसहीचीच जोडी जमवून बघत होते. रोबो आणि सायबोर्ग भेटतात, गैरसमजातून मारामारी होते, मग दोघं मिळून तिसऱ्याला मारतात, असं सगळीकडे असतं. मी तसं काढायला घेतलं आणि दोन पानांत कंटाळले. यंत्रोजीला राग येतच नाही, तो मारामारी कशाला करेल? मग पंचगंगेला पूर आणला आणि पलीकडच्या काठावर लोक अडकवले. पुरात यंत्रोजी बुडणार, कारण पाचशे किलो. राणूच्या हातात पाणी शिरणार. दोघांचाही उपयोग शून्य. एकट्याला जमत नाही आणि दोघांना मिळून जमतं, असं काय असेल ते मला सुचेना. यंत्रोजीच्या मनात काय चालतं, हे मला कधी माहीतच नव्हतं. ते उदयला माहीत होतं.

रविवारी सकाळी मी कळंब्याला त्याच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं. केस गेले होते, बाकी उभा होता तसाच, डाव्या पायावर.

"काय गं शुभा, वाट चुकलीस?"

"काम हाय म्हणून आलो." आमच्याकडे बायकाही आलोच म्हणतात.

"ते दिसालंय. ये, बस."

बाहेरच्या खोलीत त्याचं जुनं टेबल होतं. त्यावर पेन्सिलीची साल नाही, रबराचा चुरा नाही, फक्त औषधांच्या पट्ट्या. शेजारी 'चित्रकट्टा'चा ताजा अंक. मी तो उघडला. यंत्रोजी पानभर उभा होता, दोन्ही पायांवर, सारखा भार देऊन. मी मागची पानं बघितली. सगळीकडे तसाच.

"उदय, हे तू काढलेलं न्हाई."

तो हसला. "पहिली तूच ओळखलीस. सहा वर्षं झाली, प्रोग्राम काढतोय. मी सही करतो." त्याने उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. "औषधं हायेत, पण पेन्सिल धरली की जास्तच होतंय."

"पण प्रोग्रामला तुझीच पानं दिली असतील की. मग हा असा परेडला आल्यासारखा का उभा हाय?"

"तू गेल्यावर शाई करायला पोरं ठेवली, चांगली शिकलेली. त्यांनी माझी सगळी माणसं सरळ केली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं चुकालंय. मी पण दोन वेळा सांगितलं, मग सोडून दिलं. प्रोग्राम ती सरळ केलेलीच शिकला." तो खुर्चीत बसला. "तू कधी सरळ केली न्हाईस."

"मला दिसलंच न्हवतं ते."

"तेच म्हणालोय मी."

मग मी त्याला सगळं सांगितलं, हात, दोन ढीग, बारा पानं. सांगताना मी औषधांच्या पट्ट्यांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "राणू तुझी हाय. मी खोटं बोललो. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, पण ते खोटंच होतं."

"मला म्हाईत हाय की," उदय म्हणाला. "माझी होती ते मला म्हाईत असणारच. बक्षिसाचं वाईट वाटलं. पण तू आधी डबा आणायचीस रोज, आणि नंतर एकदाबी आली न्हाईस, त्याचं जास्त वाटलं."

त्यानेच विषय बदलला. "काढून दाखव की. मला बघू दे."

मी पिशवीतून कागद, शाई काढली. हात टेबलावर ठेवला. त्याने तो नीट बघितला, नखंसुद्धा, आणि म्हणाला, "नखं लई छान केल्यात." मी पूर सांगितला, माझी अडचण सांगितली.

"बुडू दे की त्याला," उदय म्हणाला. "यंत्रोजी श्वास घेत न्हाई. पाण्याखाली जाऊन नदीच्या तळावर उभा राहील. जागचा हलणार न्हाई, पाचशे किलो हाय. राणूनं दोर त्याच्या खांद्याला बांधायचा आणि दुसरं टोक दातात धरून पलीकडं पोहायचं. यंत्राचा हात वर, पाण्याबाहेर. मग लोक दोर धरून येतील एकेक."

"आणि त्याला कसं कळणार लोक संपले म्हणून? तो पाण्याखाली हाय."

"न्हाई कळणार. राणूनं खाली जाऊन सांगाया पाहिजे, हातात पाणी शिरलं तरी. ती येस्तोवर तो उभा राहणार."

मी कुंचला बुडवला. पाण्याखालचा यंत्रोजी काढायला घेतला. खांदे, छातीवरचे नट, मग कंबर. हाताने कंबर डावीकडे घेतली. यावेळी मी त्याला अडवलं नाही. उजवा गुडघा सैल सुटला आणि पाचशे किलो डाव्या पायावर आले. हे माणूस नसलेलं यंत्र एकदम कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखं दिसायला लागलं.

उदय उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने वाकून यंत्रोजीचा गुडघा बघितला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं हे गेलं."

"गेलं न्हाई. माझ्याकडं होतं."

शाई वाळेपर्यंत दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. मग मी फॉर्म पुढे केला. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मुदतीच्या रकान्यात तीन चौकोन होते. एक वर्ष, पाच वर्षं, कायम. मी 'कायम'वर बोट ठेवलं. त्याने पेन घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि 'एक वर्ष'च्या चौकोनात खूण केली. खाली सही केली, वाकडीतिकडी, पण सहीच.

"उदय, चुकीच्या चौकोनात केलीस."

"न्हाई."

माझं डोकं फिरलं. "एकच वर्ष? म्हणजे पुढच्या दिवाळीला माझ्या हातातनं काढून घेणार तू? अजून राग असंल तर सरळ सांग की. मी परत जातो. पानं नको, काही नको."

"किती ओरडतीस गं," तो म्हणाला. त्याने फॉर्मची घडी घातली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "कायमची सही दिली, तर परत कशाला येशील?"

मला रडू आलं. उदयने पेन खिशाला लावलं आणि चहा टाकायला आत गेला.